फादर, काठी हलली नव्हती

फादर, तुम्ही गेल्याला आज अकरा दिवस झाले. आमच्यात दहावा असतो, तेरावा असतो. कोणत्या दिवशी काय करायचं ते बापजाद्यांनी ठरवून ठेवलंय. तुमच्यात माणूस गेल्यावर कितव्या दिवशी बोलायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून मी माझ्या मनानं दिवस धरला. तुम्हाला तिकडं लांब, तुमच्या पंथाच्या मठात माती दिली म्हणे. मला कोणी नेलं नाही. नेलं असतं तरी गुडघ्यांनी साथ दिली नसती, पण विचारायला पाहिजे होतं. तेवढा मान माझा होता.

परवा शाळेच्या हेडबाई घरी आल्या. म्हणाल्या, बाबा, फादरांच्या आठवणींचं पुस्तक काढतोय, तुम्ही विहिरीची गोष्ट सांगा, दोनच पानं, आम्ही लिहून घेतो. मी म्हणालो, मीच लिहीन. उर्दूच्या दोन अन् मराठीच्या दोन, अशा चार यत्ता झाल्यात माझ्या, पण आजवर कुठं अंगठा टेकवला नाही. बाईंना वाटलं मी नेहमीची गोष्ट लिहिणार. ती या शाळेतल्या पोरापोरीला पाठ आहे. फादर पास्कल चुकले, अन् चूक कळल्यावर सगळ्या गावासमोर एका अडाणी पाणाड्याच्या पायाशी जमिनीवर आडवे झाले. पाणाड्या म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारा. तो मी. दर वर्षी शाळा उघडली की मला खुर्ची देऊन ती गोष्ट सांगतात, अन् मी छाती काढून बसतो.

फादर, ती गोष्ट खोटी आहे. तुम्ही चुकला नव्हता. हे तुम्हाला जितेपणी सांगायचं होतं. राहिलं, असं म्हणणार नाही. मी सांगितलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ होता. अहमदपूर-मुखेडच्या मधी आमच्या रस्त्याला खडी फोडायचं काम निघालेलं, अख्खं गाव उन्हात दगडावर बसलेलं. लातूर तेव्हा नुसता तालुका, कचेरीचं काम निघालं की उस्मानाबादेला पळायचं. त्या रस्त्यानं तुम्ही चालत आलात. पायघोळ पांढरा झगा, कमरेला माळ, डोक्याला काही नाही. म्हातारी माणसं म्हणाली, कुण्या मठाचे स्वामी आले. बायका पाया पडायला उठल्या, तसे तुम्ही मागं सरकत सरकत खडीच्या ढिगावर चढलात अन् घसरून खाली आलात. आम्ही ऐकलं होतं फादर म्हणजे गोरा साहेब. तुम्ही आमच्याहून काळे निघालात, वसईचे, अन् मराठीच बोलायला लागलात. ती पण तिकडच्या बोलीतली, अशी की मुकादम म्हणाला, याहून गोराच बरा होता, निदान कळत नाही हे तरी कळलं असतं. त्यावर सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही हसलात.

तुम्ही पोरांना सुकडी वाटली. मग म्हणालात, शाळा काढायची, हायस्कूलपर्यंत न्यायची. पंचायतीनं तुम्हाला वरचा माळ दिला. फुकट दिला, कारण त्या माळावर कोणी ढोरंसुद्धा चारत नव्हतं. तुम्ही दोन टिनाचे शेड टाकले, एकात शाळा, एकात लांबच्या पोरांचं वसतिगृह अन् कोपऱ्यात तुमची खाट. पाणी मात्र नव्हतं. तेव्हा गाव म्हणालं, मारोतीला बोलवा.

आमचं घर विहिरी पाडणाऱ्याचं, बांधणाऱ्याचं. माझा बाप दगड असा बसवायचा की मधी सुरीचं पातं जाणार नाही. पाणी बघायची कला त्याच्याकडूनच माझ्याकडं आली. उंबराची बेचकी दोन्ही हातांत धरायची अन् चालायचं, पाणी असेल तिथं टोक खाली ओढतं. तुम्ही मला बसवून घेतलंत, चहा दिलात अन् विचारायला सुरुवात केलीत. उंबरच का. बोरीची चालते का. डोळे बांधले तर चालेल का. मला राग आला. मी म्हणालो, फादर, तुमच्या पुस्तकात पाण्याची वाट लिहिली असेल तर पुस्तकच धरून फिरा की माळावर.

तेव्हा तुम्ही ती रीत सांगितली. म्हणालात, आमचा डोमिनिक संताचा पंथ, आमच्यात वाद घालायला बंदी नाही, उलट तेच आमचं काम. पण आधी समोरच्याची बाजू आपण मांडायची, त्याच्याहून चांगली. तो "हो, हेच माझं म्हणणं" असं म्हणाला की मगच आपलं तोंड उघडायचं. अन् तुम्ही टिनाच्या सावलीत बसून माझी बाजू मांडलीत. शब्द न् शब्द अजून कानात आहे.

"मारोतरावांचं म्हणणं असं, की जमीन आणि माणूस यांची ओळख असते. ती बापाच्या हातातून पोराच्या हातात येते. तोंडाला सांगता येत नाही ते हाताला ठाऊक असतं, आणि हाताला जे ठाऊक असतं तेच काठी दाखवते. बरोबर आहे का?"

मला आजवर कोणी राव म्हटलं नव्हतं. अन् माझं म्हणणं इतकं देखणं असेल हे मलाही ठाऊक नव्हतं. पण ऐकता ऐकता मी चहाची बशी खाली ठेवली. त्या माळाबद्दल माझ्या हाताला खरंच काही ठाऊक होतं, अन् ते बोलायचं नव्हतं. मी "हो" म्हणालो नाही. म्हणालो, बघू. आपल्या वादाची सुरुवात त्या "बघू"वर झाली, अन् तिथंच तो अडला.

दोन दिवसांनी सकाळी मी बेचकी घेऊन माळावर गेलो. सगळं गाव मागं. मी उभा-आडवा चाललो. काठी हलली नाही, फादर. एकदाही नाही. नेहमी हलायची, निदान मला तसं वाटायचं. त्या दिवशी हातात मेलेलं लाकूड. पण मला पाणी कुठं आहे ते ठाऊक होतं. त्या जागी गेलो, मनगट वळवलं अन् टाच मारली.

कसं ठाऊक होतं ते पुढं सांगतो. तिथं यायलाच माझी लेखणी भिते.

लोक वा वा करायला लागले, अन् तुम्ही पुढं आलात. म्हणालात, काठी हलली नाही, मी त्यांची मनगटं बघत होतो, यांनी ती वळवली. अन् सरळ माझ्याकडं बघून म्हणालात, "मारोतराव, तुम्ही खोटं बोलताय."

पाणाड्याला भर माणसांत खोटा म्हणणं म्हणजे त्याच्या बापाची पण इज्जत काढणं. बाप आधीच गेलेला. गाव खवळलं. कोणी हसलं, कोणी तुम्हाला म्हणालं, फादर, तुम्ही देवाचं बघा, पाण्याचं आमच्याकडं राहू द्या. मी म्हणालो, "इथं पाणी लागलं न्हाई तर मी जन्मात काठी धरणार न्हाई. अन् लागलं तर?" तुम्ही म्हणालात, तर मी माफी मागेन, आमच्या रीतीनं.

चार म्हातारी माणसं मात्र हसली नाहीत, खवळली पण नाहीत. लिंबाखाली बसून माझ्याकडं बघत राहिली. त्यांनाही त्या जागेचं ठाऊक होतं.

विहिरीचं काम दोन महिने चाललं. वर मुरूम, खाली काळा पाषाण, सुरुंग लावून लावून फोडला. तुम्हीसुद्धा झगा खोचून टोपलं उचलायचा. तुम्हाला त्या जागेवर विश्वास नव्हता, पण पोरं तहानली होती अन् दुसरी जागा कोणी दाखवत नव्हतं. पाचव्या परसाला, म्हणजे पाच पुरुष खोलीवर, सकाळच्या वेळी, पहारीखाली झरा फुटला. बायका घागरी घेऊन धावल्या. तुम्ही वर्गातून आलात, हातात खडू तसाच. आत वाकून पाणी बघितलंत. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिलात अन् काही न बोलता जमिनीवर पालथे पडलात. सगळं अंग जमिनीला, कपाळ मुरमात.

काय चाललंय ते कोणाला कळेना. गावाला वाटलं फादरांनी पाण्याला लोटांगण घातलं. एका म्हातारीनं विहिरीच्या पूजेला आणलेली हळद तुमच्या पाठीवर उधळली, दुसरीनं कुंकू लावायला तुमचं कपाळ शोधायला घेतलं. वसतिगृहाचा आचारी तुमच्याच गावचा, तो पुढं आला अन् मला हळूच म्हणाला, यांच्यात चूक झाली की असं पडतात, ज्याचा अपराध केला तो "उठा" म्हणेपर्यंत उठत नाहीत.

मी गप्प उभा राहिलो. लोकांना वाटलं मारोती ताठ्यात आहे. ताठा होताच. पण तेव्हा तो नव्हता. माझ्या घशात दोन गोष्टी आल्या होत्या. एक, "फादर, तुम्ही खरं बोलला होता." दुसरी, "उठा." पहिली बोललो असतो तर लोकांनी विचारलं असतं, मग पाणी तुला कसं ठाऊक? त्याचं उत्तर माझ्या मेलेल्या बापाच्या नावावर पडलं असतं. तुमच्या पाठीवर ऊन होतं, हळद होती. तुम्ही हलत नव्हता. मी लिंबाकडं बघितलं. त्या चौघांतल्या एकानं मान हलवली, नको अशी.

"उठा," मी म्हणालो.

तुम्ही उठलात, कपाळाला खडा रुतलेला, अन् मला हात जोडलेत. त्या झग्याची हळद पुढं कितीक धुण्यांत निघाली नाही, तुम्ही तसाच पिवळ्या पाठीनं वर्गात उभे राहायचा.

त्यानंतर तुम्ही माझ्या दारात यायला लागलात. बशीतून चहा पिताना तुमची दाढी भिजायची अन् माझी गंगा पदराआड हसायची. शनिवारी शाळेत वादाचा तास असायचा, मी मागं जाऊन बसायचो. एक पोर उठून म्हणायचं, हुंडा वाईट. दुसऱ्याला आधी त्याची बाजू मांडावी लागायची, अन् पहिलं पोर "हो, हेच" म्हणेस्तोवर पुढं जाता यायचं नाही. कधी कधी तास संपायचा तरी "हो" यायचं नाही. तुम्ही म्हणायचात, हरकत नाही, आज आपण ऐकायला शिकलो. आमच्या गावात पिढ्या न् पिढ्या भांडणं झाली, पण भांडायच्या आधी ऐकतात हे मी तिथं बघितलं. तुमच्या हाताखालून गेलेली पोरं आज लातूरला, नांदेडला कोर्टात उभी राहतात. लोक म्हणतात, या शाळेचा वकील ओळखू येतो, आधी समोरच्याचंच बोलतो. फादर, हे तुमचं. हे कोणी पुसू शकत नाही, माझं खोटंसुद्धा नाही.

माझ्याशी मात्र तुम्ही तो एकच वाद घालत राहिलात. दर दोन-चार महिन्यांनी माझी बाजू नव्यानं मांडायचात. कधी नाडीचं सांगायचात, कधी मुंग्यांच्या वारुळाचं, कधी तुमच्या आजोबांचं, जे वसईच्या बागेत रहाटाच्या आवाजावरून पाणी किती उरलं ते ओळखायचे. दर खेपेला पहिल्यापेक्षा चांगली. अन् शेवटी विचारायचात, बरोबर का? मी म्हणायचो, बघू. तुम्हाला वाटायचं हा हट्टी आहे. आहेच. पण फादर, खोट्यावर बांधलेल्या बाजूला "हो" कसं म्हणू? तुमच्या रीतीला मी एवढं तरी जपलं.

गंगा गेली तेव्हा तुम्ही तीन दिवस दुपारी येऊन माझ्यासोबत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलात. स्वर्गाचं बोलला नाहीत, देवाचं नाही. माझी पोरं म्हणाली, फादर कामाला लागले की काय. गंगाला सगळं ठाऊक होतं. जायच्या आधी म्हणाली होती, त्या देवमाणसाला सांगून टाका एकदाचं. तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं पण होतं मी. तुम्ही शेंग फोडता फोडता वर बघितलंत. मी म्हणालो, यंदा दाणा बारीक हाय.

मग लातूर जिल्हा झाला. नवी कचेरी, नवे साहेब, जो तो गाड्या उडवत फिरून राहिला. आपल्या हायस्कूलच्या दगडी इमारतीला मोठे साहेब आले. मांडवात तुम्ही भाषण केलंत ते शाळेचं नाही, माझं. पहिल्यांदा ती गोष्ट तुम्ही गावाबाहेरच्या माणसांसमोर सांगितलीत. म्हणालात, या शाळेचा पहिला धडा मी शिकवला नाही, मी शिकलो. मी एका खऱ्या माणसाला खोटं म्हटलं होतं. अन् माझ्याकडं वळून विचारलंत, "मारोतराव, बरोबर?" साहेब बघून राहिले, फेट्यातला मी खुर्चीवर. मी मान हलवली.

कार्यक्रम झाल्यावर आपण दोघं फाटकापर्यंत चालत गेलो. तुम्ही म्हणालात, "मान हलली. तोंड नाही हललं." अन् जरा थांबून, त्या दिवशी लिंबाखालचे चार म्हातारे का हसले नव्हते, असं विचारलंत. मी म्हणालो, म्हातारी माणसं, त्यांना काय दात होते हसायला. तुम्ही हसला नाहीत. तुम्हाला काय कळलं होतं अन् काय नाही, हे मला आता कधीच कळायचं नाही.

त्या भाषणापासून माझं नाव झालं. उदगीर, मुखेड, पार उमरीपासून माणसं जीप घेऊन यायची. म्हणायची, ज्याच्यापुढं फादर आडवे झाले तो हाच. मी जायचो. काठी कधी हलायची, कधी मी हलवायचो, अन् पुढं पुढं मलाच फरक कळेना. काही ठिकाणी पाणी लागलं, पुष्कळ ठिकाणी धूळ. बोअरच्या तोंडातून पांढरी धूळ उडताना बघितलंय मी, अन् बाजूला घरधनीण पूजेचं ताट घेऊन उभी. ती माझ्याकडं बघायची नाही, स्वतःच्या नशिबाला बोल लावायची. तुम्ही एकदा म्हणालात, मारोतराव, आता काठी ठेवा. मी विचारलं, का, खोटा म्हणणार परत? तुम्ही मान खाली घातलीत अन् परत तो विषय काढला नाहीत. तुमच्याच माफीनं मी तुमचं तोंड बांधलं होतं.

तुमचे लोक एकेक करून गेले. दुसरे फादर आले, ते गेले. पंथात नवी पोरं येत नव्हती म्हणे, तुमचं इथलं घर बंद झालं, शाळा दुसऱ्यांच्या हाती गेली. तुम्हाला न्यायला आले तेव्हा तुम्ही कुबडीवर होता. स्टँडवर मला म्हणालात, आपला वाद राहिला. मी म्हणालो, परत या की मग. गेल्या पावसाळ्यात तुमचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला. म्हणालात, मी तुमची बाजू परत एकदा मांडू का, या वेळी वेगळी आहे. अन् मी, फादर, मी म्हणालो, आवाज तुटतोय. आवाज तुटत नव्हता. साफ ऐकू येत होता.

त्या वेळी तुम्ही काय मांडणार होता? रोज हेच मनात येतं.

मागच्या रविवारी शाळेत तुमची शोकसभा झाली. मला उठवलं. मी ठरवून गेलो होतो. मी म्हणालो, "फादर बरोबर होते. काठी हलली नव्हती. मी हलवली होती." मग कोणीतरी टाळी वाजवली अन् सगळा हॉल वाजायला लागला. हेडबाई डोळे पुसत म्हणाल्या, बघा मुलांनो, फादरांची नम्रता फादरांच्या मित्रात कशी उतरली. मी परत म्हणालो, अहो, खरं सांगून राहिलो. माझा आवाज चढला. लोक मायेनं हसले. मुखेडकडचा एक शेतकरी बाहेर गाडी घेऊन थांबला होता, जागा बघायला न्यायला. त्याला म्हणालो, काठी खोटी हाय रे बाबा. तो पाया पडला अन् म्हणाला, मोठी माणसं असंच म्हणतात.

आख्ख्या हॉलात मला खोटा म्हणणारा एक माणूस नव्हता. एक होता, तो तसबिरीत हार घालून बसला होता.

अन् खरी लाज पुढंच आहे. टाळ्या पडल्यावर मी खाली बसलो तेव्हा मला हलकं वाटलं. वाटलं, सांगितलं पण अन् सुटलो पण. निम्मं सांगून बसलो होतो. तुम्ही असता तर फाटकापर्यंत चालत आला असता अन् उरलेलं मागितलं असतं. ते आता इथं लिहितो.

त्या माळावर पूर्वी सहा घरं होती. मातंगांची. गाव तेव्हा त्यांना जे म्हणायचं तो शब्द मी लिहीत नाही. गावच्या विहिरीला त्यांना हात लावू देत नव्हते, म्हणून त्यांनी त्यांची पाडली, स्वतःच्या हातानं, पाषाण फोडून. निजामाचं राज्य होतं, मी आठ वर्षांचा. एका उन्हाळ्यात गावची विहीर आटली, त्यांची आटली नाही. गावाला त्यांच्याकडं पाणी मागता येईना, अन् त्यांना पिताना बघवेना. एका सकाळी गाव टिकाव, टोपली घेऊन माळावर गेलं अन् त्यांची विहीर बुजवली. सहा घरची माणसं बाजूला उभी होती, लेकरं कडेवर. ओरडली पण नाहीत. गावातला सगळ्यांत चांगला दगडकाम करणारा माझा बाप. वरचं तोंड त्यानं बंद केलं, फरशा बसवून, मधी सुरीचं पातं जाणार नाही असं. अन् टोपल्यातले दगड मी वाहिले. दोन खेपा. मला शाबासकी मिळाली होती.

पंधरा दिवसांत ती माणसं गेली. कोणी म्हणतं हैदराबादेला, कोणी लातूरला. बाप मरताना एवढंच बोलला, "पाणी जितं हाय रे, दगडाखाली." त्या पाण्याची वाट कुठून कुठं जाते ते विहीर बुजवताना त्यानं बघितलं होतं, अन् मला दाखवलं होतं. मी तुम्हाला जागा दाखवली ती त्या बुजलेल्या विहिरीपासून दहा पावलं उताराला. झरा तोच. म्हणून ढोरं चरत नव्हती त्या माळावर, म्हणून तो फुकट मिळाला, म्हणून चार म्हातारे हसले नाहीत. माझ्या हाताला ठाऊक होतं, फादर. तुमची पहिलीच मांडणी बरोबर होती. हो. हेच माझं म्हणणं.

इथपर्यंतचे कागद मी दुसऱ्या दिवशी हेडबाईंना वाचून दाखवले, हे पुढचं त्यानंतर लिहितोय. त्यांनी कागद हातात घेऊन नीट जुळवले. मग म्हणाल्या, बाबा, पुस्तक लहान मुलं वाचतात. मी म्हणालो, पाणी पण तीच पितात. मी सांगितलं की त्या फरशांवर आज सायकल स्टँड आहे, तो उचला, फरशा काढा, अन् त्या सहा घरांचं तिथं लिहा, फादरांच्या गोष्टीच्या आधी. त्या म्हणाल्या, संस्थेला विचारावं लागेल. विचारा म्हणालो. मला घाई न्हाई.

घाई नाही हे खरं नव्हे, पण हट्ट आहे. चार दिवस झाले, मी जेवून येतो अन् सायकल स्टँडमध्ये फरशीवर बसतो. पोरं सायकली काढताना म्हणतात, बाबा, सरका. मी सरकतो, परत बसतो. काल नवा वॉचमन आला, उमरीकडचा, हातात किल्ल्यांचा जुडगा. म्हणाला, बाबा, इथं टिनाखाली काय करून राहिलात, विहिरीपाशी सावलीत खुर्ची टाकू का?

मी म्हणालो, "मी विहिरीवरच बसलोय."

त्यानं एकदा विहिरीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "विहीर तिकडं हाय, बाबा."

"ती नंतरची. बस, सांगतो."

तो बसला नाही, त्याला फाटक लावायचं होतं. पण गेलाही नाही. मी सांगायला सुरुवात केली. म्हणालो, पहिलं घर सटवाचं होतं, तिथं, त्या लाल सायकलीपाशी. त्याच्या बायकोचं नाव कोंडाबाई.